दुरुस्त केलेला आवाज

गॅरेज दोन गाळ्यांचं आहे. पुढच्या गाळ्यात गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली, मागच्या गाळ्यात मालक ज्यांना विसरून गेले आहेत अशा. गॅरेजचा मालक पन्नाशी ओलांडलेला, बुटका, बोलण्यात कंजूष. मित्र त्याला 'पाना' म्हणतात. बायकोही म्हणते, पण रागावली तरच. तिची मुख्य तक्रार अशी, की समोर बसून केलेलं तिचं बोलणं त्याला ऐकू येत नाही आणि तीन गल्ल्या पलीकडे कुणाची चेन सैल झाली तर जेवता जेवता याचा घास हातात थांबतो.

पाना कधी सैन्यात नव्हता. त्याच्या घराण्यातही कुणी नव्हतं. पण गावात एखाद्या जवानाचं पार्थिव आलं की तो गॅरेज बंद करतो. चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने काही वर्षांपूर्वी यासाठी मोटारसायकलवाल्यांची एक टोळी जमवली, पाना तिच्यातला. तिच्यात बेकरीवाला आहे, दातांच्या कवळ्या बनवणारा आहे, शाळेतला कारकून आहे. कुणी बोलावत नाही, कुणी पैसे देत नाही. गाड्या धुऊन पुसून, दिवे लावून हे लोक गावाच्या वेशीवर उभे राहतात आणि सैन्याच्या गाडीच्या पुढे-मागे राहून जवानाला आधी त्याच्या घरी आणि तिथून अंत्यसंस्काराच्या मैदानावर पोचवतात. माणसाच्या चालीने. मोटारसायकल पळवणं सोपं असतं, इतकी हळू चालवणं अवघड. म्हणून रविवारी सकाळी रिकाम्या बाजार-आवारात त्यांचा सराव चालतो. ज्याचा पाय जमिनीला टेकेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. कारकुनाने आजवर सर्वांत जास्त चहा पाजला आहे. धुक्यात ते सगळे असे सरकत असतात, की बघणाऱ्याला आपण अजून अंथरुणातच आहोत असं वाटावं.

या कामात का पडलात, असं कुणी विचारलं तर पाना सांगतो की एवढ्या कमी वेगात इंजिनं तापतात, कुणीतरी हत्यारं घेऊन मागे असायला हवं. तो नेहमी सर्वांत शेवटी असतो.

पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीतला जवान गेल्याचं कळलं, तेव्हा मात्र त्याला पुढे यावं लागलं. जवानाची धाकटी बहीण चष्मेवाल्याबरोबर गॅरेजवर आली. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. गेले दोन दिवस रडून झालेलं असावं. बोलली ते सरळ आणि थोडक्यात. भावाची मोटारसायकल त्याच्या मागच्या सुट्टीपासून घराच्या पडवीत झाकून ठेवली होती. आईचं म्हणणं होतं, की त्याला आणतील तेव्हा ती गाडी सर्वांत पुढे असावी. आईचा निरोप तिने जसाच्या तसा सांगितला: "तो जसा यायचा तसा येऊ दे."

पार्थिव यायला अजून तीन दिवस होते. पानाने गाडी ढकलत गॅरेजवर आणली. बऱ्याच लाथा खाल्ल्यावर ती सुरू झाली आणि म्हाताऱ्यासारखी खोकायला लागली. पानाचे हात शिवशिवले. त्याने कार्बोरेटर खोलून धुतला, टिकटिकणारे टॅपेट नीट बसवले, सायलेन्सरच्या तोंडाशी झिजलेलं, फटफट करणारं गॅस्केट काढून नवं घातलं, चेनच्या कव्हरचा खडखडाट बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी अशी चालायला लागली, की बंद आहे की चालू ते हात लावून बघावं. गेलेल्या पोराचं एक राहिलेलं काम आपल्या हातून झालं, असं त्याला वाटलं. हे त्याने बायकोलाही सांगितलं, म्हणजे तो खरंच खूश असणार.

गाडी घेऊन तो जवानाच्या घरी गेला. दारासमोर थांबला. कुणी बाहेर आलं नाही. थोड्या वेळाने बहीण बादली घेऊन बाहेर पडली आणि दचकली. म्हणाली, काका, तुम्ही आलेलं कळलंच नाही. मग आई आली. पन्नाशीची, उंच बाई. इस्पितळातल्या चादरी शिवायचं काम करते, बोटांना सुयांचे घट्टे. पानाने तिच्यासमोर गाडी सुरू केली, अभिमानाने जरा वाढवली, पुन्हा कमी केली.

तिने ऐकलं आणि म्हणाली, "ही त्याची गाडी नाही."

पानाने नंबर दाखवला, टाकीवरचा ओरखडा दाखवला.

"दिसायला त्याचीच आहे," ती म्हणाली.

मग बहिणीने उलगडून सांगितलं. भावाची गाडी वळणापलीकडूनच ओळखू यायची. खोकायची, फटफटायची, काहीतरी वाजत यायची. शेजारच्या आजोबांनी त्या आवाजावरून दोनदा भांडण काढलं होतं. भाऊ दर सुट्टीत म्हणायचा, या खेपेला दुरुस्त करतो, आणि दर सुट्टीत ते राहून जायचं. तो आवाज आला की आई हातातली शिलाई खाली ठेवायची. एकदा, शेवटचा, तो आवाज आईला ऐकायचा होता.

पानाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. आयुष्यभरात बिघाड तसाच ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे आलं नव्हतं, आणि या बाईंना तर त्याने काही विचारलंही नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, उद्या परत आणतो. होती तशी."

होती तशी करणं किती कठीण आहे, हे त्याला गॅरेजवर गेल्यावर कळलं. चांगल्या इंजिनाचा आवाज एकच असतो. बिघडलेल्या इंजिनाचे किती, त्याला गणती नाही. झिजलेलं गॅस्केट त्याने भंगाराच्या डब्यातून शोधून काढलं. बाकीचं आईच्या कानावर सोडायचं ठरवून दुसऱ्या दिवशी दुपारी हत्यारांची पेटी घेऊन तो त्यांच्या अंगणात जाऊन बसला.

आई स्टुलावर बसली, डोळे मिटून. ऊन कलतं होतं, वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या, आणि त्यांच्यामध्ये बसून पाना एकेक स्क्रू सैल करत होता. गॅस्केट बसल्यावर ती म्हणाली, फटफट आली, पण त्याची याहून जाड होती. पानाने नट अर्धा फेरा ढिला केला. टिकटिक हवी, ती म्हणाली, पण एवढी घाईची नको. मग कव्हर. खडखडाट ऐकून पलीकडच्या आजोबांनी खिडकी उघडली, बराच वेळ ऐकलं आणि या वेळी भांडण न काढता तिथेच उभे राहिले. एक वेळ अशी आली, की पानाला खोलण्यासारखं काही उरलं नाही. आई तरीही मान हलवत होती. सगळं आहे, ती म्हणाली, पण तो नाही.

बहीण इतका वेळ दारात होती. ती म्हणाली, "काका, इथे उभी ठेवून नाही. वळणावरून आणा. दादा वळणावर अॅक्सिलरेटर सोडायचा आणि वळून झालं की एकदाच मोठ्याने द्यायचा. घसा साफ केल्यासारखा."

पाना गाडी वळणापलीकडे घेऊन गेला. परत येताना हात सैल सोडला, गाडी आवाज गिळल्यासारखी गप्प झाली, वळली, आणि त्याने एकदाच जोर दिला. दारासमोर आला तेव्हा स्टूल रिकामं होतं. आई आत गेली होती. काही चुकलं का, असं त्याने खुणेनेच विचारलं. बहिणीने आतल्या दिशेने बोट केलं. आईने चहाचं आधण ठेवलं होतं. तीन माणसांचा चहा झाला आणि ती चौथा कप काढून तो हातात धरून उभी होती. साखर जास्त झालेला तो चहा पानाने शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

अंत्ययात्रेच्या सकाळी धुकं होतं. वेशीवर सैन्याची गाडी आली, टोळीने दिवे लावले. पहिल्यांदाच पाना सर्वांत पुढे होता. त्याला पुढे काहीच दिसत नव्हतं, मागे फक्त पिवळे ठिपके. बिघडलेलं इंजिन माणसाच्या चालीने चालायला तयार नसतं. ते प्रत्येक खड्ड्यात मरायला बघत होतं. क्लच अर्धा दाबून धरून त्याच्या तळहाताला पेटके आले. दुकानांची शटर्स अर्धी उघडून लोक हात बांधून उभे होते, धुक्यातून यायचे आणि धुक्यात जायचे. गाडीचा तेवढा एक खोकला सगळ्या गावातून चालला होता.

घरात आईभोवती नातेवाईक होते, एक अधिकारी होता. ती कुणाकडे बघत नव्हती. वळणावर आवाज गप्प झाला, मग एकदाच आला. आई उठली. रोजच्यासारख्या आवाजात म्हणाली, "आला."

ती दारात आली. तिने पानाकडे पाहिलं नाही. त्याच्यामागे थांबलेल्या सैन्याच्या गाडीकडे पाहिलं, आणि मग तिला धरावं लागलं.

मैदानावर बंदुकांची सलामी झाली, बिगूल वाजला, घडी केलेला ध्वज आईच्या हातात आला. टोळी रस्त्याच्या कडेला गाड्या बंद करून उभी होती.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आई आणि बहीण ती मोटारसायकल ढकलत गॅरेजवर घेऊन आल्या. मुलीची प्रयोगशाळा आता गावाबाहेर हलली होती, तिला गाडी लागणार होती. आई म्हणाली, भाऊ, हिला नीट करून द्या.

पानाने या वेळी विचारलं. गाडीला धोका होणार नाही इतपत थोडी फटफट ठेवू का, थोडी टिकटिक?

"नको," आई म्हणाली. "पोरगी संध्याकाळी घरी यायची असेल तेव्हा मी कान लावून बसणार. तेव्हा हीच आलीय, तो नाही, हे मला कळायला हवं."