सोमवारचा रकाना

काका कुणालाही "कसा आहेस?" असं आधी विचारत नसत. सोमवारी सकाळी दारातून आत येतानाच त्यांचा प्रश्न यायचा, "काय रे, उघडून पाहिला का?" प्रश्न बॅकअपचा, म्हणजे वेबसाइटच्या राखीव प्रतीचा असे. पायातली चप्पल काढायच्या आधी त्यांना उत्तर हवं असायचं.

जबलपूरला राइट टाउनमध्ये त्यांच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आमची वेबसाइट बनवणारी कंपनी होती. दूरसंचार खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती काढली. माणसं चार: काका, मी, दीपा आणि चित्रं व रंग पाहणारा एक जण. मी आधी एका खासगी शाळेत गणित शिकवत होतो. छत्तिसाव्या वर्षी प्रोग्रामिंग शिकून त्यांच्याकडे आलो, तेव्हा त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं नाही. फक्त विचारलं, "विनायक, पेपर तपासल्यावर गुणांची बेरीज पुन्हा करून पाहायचास का?" मी म्हणालो, दोनदा. "मग ये," म्हणाले.

त्यांचे नियम थोडे होते, पण त्यात सूट नव्हती. काही पुसायचं असेल तर ज्या अटीनं पुसायचं त्याच अटीनं आधी किती नोंदी निघतात ते मोजायचं. सर्व्हरवर बदल करायचा तर परत पहिल्या स्थितीत कसं यायचं ते आधी कागदावर लिहायचं. खरी, लोक वापरतात ती वेबसाइट पडद्यावरच्या ज्या खिडकीत उघडी असेल तिची पार्श्वभूमी लाल ठेवायची आणि सरावाची पांढरी. "डोकं थकतं, डोळा थकत नाही," असं ते म्हणत. माझा अनुभव उलटा होता, पण तो पुढे येईल.

त्यांच्या खिशात तडा गेलेला एक जुना, स्वस्त फोन असायचा. कुठलंही नवं पान तयार झालं की तो घेऊन ते जिन्याखाली जात, कारण तिथे नेटवर्क धड मिळत नसे. पान उघडेपर्यंत मोठ्यानं आकडे मोजत. पाचच्या पुढे गेले की वर येऊन म्हणत, "दीपा बेटा, शहपुऱ्याच्या शेतकऱ्याकडे तुझा फोन नाही, माझा फोन आहे." दीपा कुरकुरायची, "काकाजी, फोटो तो अच्छा है ना!" पण फोटो लहान करायची.

आणि रजिस्टर. एक निळं, जाड रजिस्टर. दर सोमवारी आदल्या आठवड्याचा बॅकअप एका जुन्या कॉम्प्युटरवर उघडायचा, वेबसाइट त्यावर चालते का पाहायचं आणि रकान्यात बरोबरची खूण करायची. हे काम माझ्याकडे होतं. चार वर्षांत एकदाही बॅकअप बिघडलेला निघाला नव्हता. मग मी काय केलं, ते लिहायला मला आजही जड जातं. एका सोमवारी घाईत होतो, न उघडताच खूण केली. पुढच्या सोमवारी घाई नव्हती, तरी केली. तिसऱ्या सोमवारी तर चहा पिता पिताच केली.

त्या सुमाराला आमच्याकडे शहपुरा आणि पाटणकडच्या मटार पिकवणाऱ्यांच्या एका समितीची वेबसाइट होती. शेतकऱ्यानं फोनवरून नाव नोंदवायचं, त्याला माल आणायचा दिवस मिळायचा, तसा मेसेज जायचा. एकाच दिवशी सगळ्या ट्रॉल्या आल्या तर मटार पोत्यांत अडकून पडतो, म्हणून ही पाळी.

जानेवारीतली सकाळ होती. सरावाच्या बारा नोंदी मला पुसायच्या होत्या. लाल रंगानं डोळे दुखतात म्हणून मी माझ्या कॉम्प्युटरवर तो काढून टाकला होता, त्यामुळे दोन्ही खिडक्या पांढऱ्या. बाराच आहेत हे पक्कं माहीत होतं, म्हणून आधी मोजलं नाही. कमांड दिली. पडद्यावर उत्तर आलं: एक हजार एकशे सेहेचाळीस नोंदी पुसल्या. खिडकी खऱ्या वेबसाइटची होती.

मी उठून काकांच्या टेबलापाशी गेलो. "काका, मटारच्या सगळ्या पाळ्या गेल्या."

"किती?"

मी आकडा सांगितला.

"बॅकअप उघडून पाहिला होता का?"

"रकान्यात खूण आहे."

"खूण मला दिसून राहिली. मी तुला विचारून राहिलो."

दीपा मान खाली घालून बसली होती. मी म्हणालो, "नाही पाहिला. तीन सोमवार नाही पाहिला."

काका उठले. जुन्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. तीन आठवड्यांपूर्वी बॅकअपची डिस्क भरली होती. त्यानंतर रोज फाइल तयार होत होती, नाव बरोबर, तारीख बरोबर, आत काहीच नाही. एकदा जरी उघडली असती तरी कळलं असतं.

शेवटच्या धड बॅकअपमध्ये सहाशे बारा नोंदी मिळाल्या. मेसेज पाठवणाऱ्या सेवेकडे फक्त गेल्या आठवड्याचे मेसेज शिल्लक होते, त्यातून तीनशे एकोणनव्वद निघाल्या. एकशे पंचेचाळीस उरल्या. काकांनी समितीच्या माणसांकडून गावोगावचे फोन नंबर घेतले आणि आम्ही चौघं फोनला बसलो. काकूंनी आमची जेवणं टेबलावरच आणून दिली. संध्याकाळपर्यंत एकशे एकोणीस सापडल्या. सव्वीस जण कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला घेऊन पाटणला समितीच्या आवारात गेले. त्या सव्वीसपैकी नऊ जण त्याच दिवशी ट्रॉल्या घेऊन आले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं काकांसमोर फोन धरला. "बाबूजी, मेसेज तो आया है. आज की ही तारीख है, देखो."

काका म्हणाले, "आपकी बारी पक्की थी, भैया. गलती हमारी है." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्या नऊ जणांच्या जागा रिकाम्या दिसून दुसऱ्यांना गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना थांबावं लागलं; त्यांची शेवटची ट्रॉली रिकामी होईपर्यंत काका आवारातून हलले नाहीत.

चार वाजले असतील. त्या म्हाताऱ्याच्या ट्रॉलीपाशी त्यांनी मला बोलावलं. एका पोत्याची शिवण सोडलेली होती. "हात घाल," म्हणाले.

मी कोपरापर्यंत हात घातला. बाहेर जानेवारीचा वारा होता आणि आत मटार तापलेला होता, अंग तापावं तसा. खालच्या शेंगा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. मी हात काढून घेतला. काका पोत्याची शिवण पुन्हा घालायला लागले.

पुढच्या सोमवारी मला वाटलं, हे काम आता दीपाकडे जाईल. पण रजिस्टर माझ्याच टेबलावर होतं.

"मीच?"

"मग कोण? दीपाचा हात कुठं पोळला आहे?" त्यांनी पट्टी घेऊन रकान्याला नवं शीर्षक दिलं. "आता खूण नको. किती नोंदी निघाल्या, तो आकडा लिही."

मला राहवलं नाही. "खोटा आकडाही लिहिता येतो, काका."

"येतो. पण त्याला बसून विचार करावा लागते. खूण तर चहा पिता पिता होते."

चहाचं त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही. तेव्हापासून आकडा लिहितो आहे. लाल खिडकीही परत लाल केली. डोळे दुखतात, दुखू देतो.

मागच्या पावसाळ्यानंतर काका आजारी पडले. फुप्फुसांचं दुखणं होतं. शेवटच्या आठवड्यात ते इस्पितळात होते आणि काकूंबरोबर आम्ही आळीपाळीनं बसत होतो. एका सकाळी मी थेट घरून तिथे गेलो. त्यांनी डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"आज सोमवार ना?"

"हो काका."

"उघडून पाहिला का?"

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. काकूंनीही मला डोळ्यांनी तसंच सुचवलं. आजारी माणसाला एवढं समाधान द्यायला कुणाची हरकत असणार होती?

"नाही काका. सरळ इकडेच आलो."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट जरा सैलच झाले. "चलो. मग इथं काहून बसून राहिला? जा."

मी ऑफिसात गेलो. जुना कॉम्प्युटर सुरू केला, बॅकअप उघडला, नोंदी मोजल्या. दोनदा मोजल्या. मग काकूंना फोन लावला आणि त्यांनी तो काकांच्या कानाशी धरला.

"काका, उघडून पाहिला. दोन हजार तीनशे आठ. जुळल्या."

पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मग काकू म्हणाल्या, "बोट वर केलं रे त्यांनी."

गुरुवारी ते गेले. पुढच्या सोमवारी दारातून कुणी विचारलं नाही. दीपा माझ्याकडे पाहत होती. मी जुन्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसलो.