एस्तेरमावशींची गुप्त प्रार्थना

एस्तेरमावशी देवाला आधी पत्ता सांगायच्या. "प्रभू, पुसद रोडले पिठाच्या गिरणीमागं ते वसंतभाऊ. डावा गुडघा." डोळे घट्ट मिटलेले, आवाज मात्र कापसाच्या जिनिंगच्या भोंग्यावर मात करणारा. सरकारी दवाखान्यात त्या तीस वर्षं नर्स होत्या. पेशंटचं नाव, खाट आणि तक्रार नीट सांगितल्याशिवाय वरचे लोक हलत नाहीत, हा त्यांचा अनुभव होता.

त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. त्या असतानाच मी पुण्याची नोकरी सोडून दिग्रसला परतले, तेव्हा विचारणाऱ्यांना 'वर्क फ्रॉम होम' असं सांगत होते. खरं तर काम नव्हतंच, आणि घरातही मी फक्त पलंगावर असायचे. आई ताट ठेवायची, तसंच उचलायची. एका दुपारी मावशी सरळ आत आल्या आणि माझी नाडी धरून बसल्या.

"काय होऊन राह्यलं तुले?"

"काही नाही. बरी आहे."

"बरी पोरगी भर दुपारी पडदे लावून झोपते काय?"

मग मी सांगितलं. रडू येत नाही, भूक लागत नाही, प्रार्थनाही होत नाही.

"नाही होत तं नाही होत. तुझ्या वाटची मी करतो. तू पडून राय."

मी घाबरून म्हणाले, "पण मावशी, कोणाला सांगू नका."

"येडी का तू? नर्स होती मी!"

आमच्या चर्चच्या मंडळीची बुधवारची प्रार्थनासभा त्या आठवड्यात शेजारच्या घरी होती. आईने बळेच नेलं. मावशींनी हात वर केले. "प्रभू, एक पोरगी हाये. नाव सांगत नाही, तिनं नाही म्हटलं. हिरव्या गेटच्या घरातली. पुण्याहून आलेली. चष्मा हाये. तिचं मन लई दुखून राह्यलं." वीस जण "आमेन" म्हणाले, डोळे उघडले आणि माझ्या चष्म्याकडे पाहू लागले.

चार दिवस मी मावशींशी बोलले नाही. पाचव्या दिवशी गायनमंडळातल्या सुशीलाकाकू डबा घेऊन आल्या. चुकीच्या सुराला नजरेनेच गार करणाऱ्या त्या बाई हळूच म्हणाल्या, "मलेबी दोन वर्षं होतं हे. एस्तेरले नाही सांगितलं, म्हणून गावाले नाही समजलं." दोघीही हसलो. मी किती दिवसांनी हसले, ते मोजायचं राहून गेलं.

वसंतभाऊही आले. "बेटा, विश्वास वाढव. डॉक्टर-बिक्टर कायले पाह्यजे?"

मावशी तिथेच होत्या. "भाऊ, तुमची शुगर विश्वासानं उतरली काय? खिशातली गोळी दाखवा बरं." भाऊंचा हात आपोआप खिशावर गेला. "प्रभू डॉक्टरायकडूनबी काम करून घेते," मावशी म्हणाल्या, आणि सोमवारी मला यवतमाळला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी विचारायच्या आत मावशींनी सुरुवात केली, "वय सव्वीस, भूक नाही, झोप…"

"आजी, त्यांना बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा."

तीस वर्षांत मावशींना खोलीबाहेर कोणी काढलं नसावं. त्या गेल्या, पण दार लावताना दोनदा मागे पाहिलं.  मग मी डॉक्टरांना म्हणाले, "सकाळी डोळे उघडतात, तेव्हा का उघडले असं वाटतं." हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मावशींनाही नाही.

बाहेर आल्यावर मावशींनी काहीच विचारलं नाही. त्यांना ते उपासापेक्षा जड गेलं असणार. परतीच्या एसटीनं दारव्हा सोडल्यावर त्या माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपल्या. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला मी त्यांचं कपाळ तळहाताने धरत होते. दिग्रसचा स्टँड येईपर्यंत मला त्यांना सांभाळायचं होतं, आणि तेवढं मला जमत होतं.