सागाखालची हजेरी

उमरेड रस्त्यालगतच्या सागाच्या लागवडीवर धोंडबा राखणदार म्हणून लागला, तेव्हा साग त्याच्या गुडघ्याएवढा होता आणि धोंडबा स्वतःला जंगलचा साहेब समजत होता. पुढे साग वाढला, समज तशीच राहिली. खाकी सदऱ्याचं वरचं बटण तो भर वैशाखातही लावायचा. लागवडीत बकरी शिरली तर आधी तिलाच दरडावून विचारायचा, "कोणाची वं तू?"

"सांगतलं का जी तिनं?" घरी आल्यावर बायको, जयवंता, विचारायची.

सदुसष्ट सालच्या भादव्यात नागपूरहून इंदुताई आल्या. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, शहरातल्या महाल भागात दोन खोल्यांत एकट्या राहत, आणि एसटीतून उतरून दोन मैल चिखल तुडवत येताना त्यांची छत्री बंदच असे. चार वर्षांच्या सागात त्यांनी वीस पावलं लांब-रुंद चौकोन निवडला, त्याला तारेचं कुंपण घातलं आणि धोंडबाला सांगितलं, "साग मोठा होत जातो तसं त्याच्या खाली काय काय उगवतं, ते मला पाहायचंय. आत ढोर नको, विळा नको. वाळकं पानही उचलायचं नाही. हे आता तुमच्या भरवशावर."

भरवसा हा शब्द धोंडबाला एकदम लागू पडला. त्या दिवशी त्याने एकेका रोपाचं गावातलं नाव सांगितलं, इंदुताईंनी त्यापुढे आपलं कॉलेजातलं नाव लिहिलं. कुसळी, तिखाडी, तरोटा, रानतूर असं करत चौतीस जाती भरल्या. गवत इतकं माजलेलं होतं की बाई आत बसल्या की दिसेनाशा व्हायच्या.

दुसऱ्या वर्षी त्यांनी जुनी यादी मोठ्याने वाचली. धोंडबाने शोधून शोधून उत्तर द्यायचं.

"कुसळी?"

"हाय, बाई."

"तरोटा?"

"हाय, बाई."

घोळ झाला तो इथेच. धोंडबा दीड वर्ष शाळेत गेला होता आणि त्या दीड वर्षातली हजेरी तेवढी त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. नाव घेतलं की पोराने हजर असलं पाहिजे. नसेल तर ज्याच्या ताब्यात वर्ग, त्याने जबाब दिला पाहिजे. वर्ग तर त्याच्या ताब्यात होता.

आणि पोरं गळायला लागली. आधी तरोटा गेला. मग कुसळी विरळ झाली आणि तिच्या जागी रायमुनियाची काटेरी जाळी शिरली. साग दोन पुरुष उंच झाला, शेंड्याला शेंडे भिडले, खाली दुपारीसुद्धा अंधारल्यासारखं वाटू लागलं, तशी रायमुनियाही सुकत चालली. चौतिसाच्या सव्वीस झाल्या, सव्विसाच्या अकरा, अकराच्या चार. सत्त्याहत्तर साली बाईंनी यादी वाचली तेव्हा धोंडबाने तीस वेळा "नाही, बाई" म्हटलं.

"अहो, हे असंच होणार," इंदुताई म्हणाल्या. "साग मोठा झाला, सावली पडली. उन्हात वाढणारं गवत सावलीत कसं टिकेल? मला हेच तर लिहायचंय."

धोंडबाने मान डोलावली. मनात म्हणाला, बाई मोठ्या मनाच्या, म्हणून सावलीवर ढकलून राहिल्या. त्याचा खरा संशय पलीकडच्या शेतातल्या चंपतरावांच्या बकऱ्यांवर होता. पंधरा दिवस तो काठी घेऊन कुंपणापाशी बसला. बकरी एकही सापडली नाही. चंपतरावांशी मात्र कायमचं वाकडं झालं.

मग अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्याने ते केलं. रस्त्याकडेच्या उन्हातून तिखाडीचे चार ठोंब आणि तरोट्याची तीन रोपं मातीच्या गोळ्यासकट काढली आणि चौकोनात नेऊन लावली. लागवडीवर जन्म गेलेला माणूस, हात आपोआप ओळीत चालायचा. म्हणून त्याने पाठमोरं होऊन खडे फेकले आणि खडा पडला तिथे रोप लावलं. वर वाळकी पानं सारखी केली. पावसाने दडी मारली होती, तर आठ दिवस लोट्याने पाणीही घातलं.

जयवंताने ते पाहिलंच. "चोरून झाडं तोडणारे लय पाह्यले मी," ती म्हणाली. "चोरून लावणारे तुमीच पहिले."

भादव्यात इंदुताई आल्या, कुंपणात शिरल्या आणि मटकन खाली बसल्या. "इतक्या सावलीत तिखाडी!" त्यांनी सातही रोपं तीनदा मोजली. डबा उघडायचंही विसरल्या. दिवाळीनंतर पुण्याला मोठमोठ्या जाणकारांसमोर त्या निबंध वाचणार होत्या, तो लिहून तयार होता; आता तो पार बदलावा लागणार होता. "अकरा वर्षांचं माझं म्हणणं चुकलं, धोंडबा!" असं त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, लॉटरी लागली. धोंडबाला मात्र "चुकलं" एवढंच ऐकू आलं. त्याने पोरं हजर करायला आणली होती आणि चूक मास्तरणीची निघत होती.

दोन दिवस त्याला भाकर गोड लागली नाही. "तोंड शिवलं हाय का जी?" जयवंता म्हणाली. "जा, सांगून टाका. नाहीतं मी जाते." तिसऱ्या दिवशी तो एसटीत बसला, नागपुरात उतरला आणि महालातल्या गल्ल्यांत चार ठिकाणी विचारत बाईंच्या खोलीवर पोचला. त्या टेबलाशी बसून तोच निबंध पुन्हा लिहीत होत्या. तो बसला नाही.

"बाई, ते मी लावले."

"काय लावले?"

"ते सातही. हजेरी कमी होऊन राहिली होती. तुमी माह्या भरोशावर सोडलं होतं."

इंदुताईंचा चेहरा लालबुंद झाला. अकरा वर्षांत त्या त्याच्याशी कधी एकेरीवर आल्या नव्हत्या, आजही आल्या नाहीत. पण बाकी सगळं सुनावलं. पावसापाण्यात आपण कशासाठी येतो, हे वाचलं असतं तर पुण्यात लोक कसे हसले असते, आणि वाळकं पानही उचलू नका म्हणजे काय, ते तुम्हाला कळत नाही का. धोंडबा खाली मान घालून उभा राहिला. बोलून दमल्यावर त्या म्हणाल्या, "आता ती उपटूही नका. पाणी घालू नका. नुसती पाहत राहा." चहा दिला, पण त्याबरोबर एक शब्द दिला नाही. परतीच्या एसटीत धोंडबाने ओळखलं, आपल्या बोलण्याला आता किंमत राहिली नाही.

तो पाहत राहिला. दिवाळीपर्यंत तिखाडी पिवळी पडली, होळीला सातातलं एकही उरलं नव्हतं. बकरी आली नव्हती, विळा लागला नव्हता. सावलीनेच खाल्लं. बाई इतकी वर्षं जे सांगत होत्या ते त्याला त्या होळीला पटलं, आणि चंपतरावांकडे जाऊन माफी मागावी लागली, ती चंपतरावांनी चांगली चवीने ऐकली.

एक्क्याऐंशी साली वनखात्याने विरळणी काढली. चौकोनातलाही एकाआड एक साग तोडला गेला आणि कित्येक वर्षांनी जमिनीवर ऊन उतरलं. पुढच्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी, कुजलेल्या पानांतून एक गुलाबी तुरा वर आला. रानहळद. चौतिसांच्या यादीत ती कधी नव्हतीच. धोंडबाने ती पाहिली आणि त्याला घाम फुटला. ही आपणहून आली, हे कोण मानणार? हळदीचा कंद तर लहान पोरही मातीत पुरून ठेवेल. उपटून टाकावी, असंही एकदा मनात आलं.

"लावली तवा घाबरले नाही," जयवंता म्हणाली, "आता काई केलं नाही तं थरथर कापून राहिले!"

इंदुताई आल्या. केस बरेच पांढरे झाले होते. त्यांनी तुरा पाहिला. "कधी आलं हे?"

"पोळ्याच्या आंधी."

त्यांनी वही उघडून लिहायला घेतलं. धोंडबा पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होता. तो काही येईना. शेवटी त्याच्याच्याने राहवेना. "बाई, खोदून पाहा. मी नाही लावलं."

"खोदायचं कशाला?"

"मांगं मी..."

"मागं तुम्ही लावलंत ते मला जन्मात कळलं नसतं," इंदुताई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "न विचारता तुम्ही नागपूरला येऊन सांगितलंत. आता नाही म्हणता, तर नाही."

धोंडबाचे डोळे भरून आले. तो तारा तपासायला म्हणून कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला.

घरी येऊन त्याने सगळं जयवंताला सांगितलं. भाकर थापता थापता ती म्हणाली, "भोळी हाय बाई तुमची." मग तव्यावरची भाकर उलटली आणि त्याला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं.