पास्कू मास्तरांनी टाळलेला प्रश्न

बँडवाल्याचं अर्धं आयुष्य नवरदेव तयार व्हायची वाट बघण्यात जातं! मग गप्पांशिवाय करणार काय? मी मूळचा रत्नागिरीकडचा, राहायला भाईंदर वेस्टला, नोकरी ऑफिसात. पण दोन हजार सालाच्या सुमारास सुट्टीच्या दिवशी भाईंदरजवळच्याच चौक गावच्या पास्कू मास्तरांच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. आमच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी मास्तरांवरच येऊन थांबायच्या.

मास्तर रोज सकाळी येशूच्या फोटोसमोर म्हणायचे, "देवा, आज तू सांगशील तसं." असं बरेच जण म्हणतात. मास्तर दिवसभर खरंच तसं वागायचे, आणि त्याचा त्रास आम्हाला व्हायचा!

*

एकदा वरसाव्याच्या एका साध्या घरचं लग्न घेतलं होतं. नंतर त्याच तारखेला मीरा रोडच्या मोठ्या हॉलची ऑर्डर आली. बुफे, आइस्क्रीम, सगळं! आमचा ट्रंपेटवाला, आडनाव नातू, म्हणाला, "मास्तर, देवाला विचारून तरी बघा!"

"विचारायचं काय त्यात? वरसाव्याला हो बोललो तवा तो ऐकत व्हता."

वरसाव्याला डाळभात जेवलो. नातू तर प्रत्येक घासाला आइस्क्रीमचं नाव घेत होता.

*

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ. त्या काळात ख्रिस्ती लग्नं नसतात, नुसती प्रॅक्टिस. कोणी मटण सोडतं, कोणी दारू. मास्तरांनी एका वर्षी राग सोडला! मग काय, नातू मुद्दाम बेसूर वाजवायला लागला. मास्तर लालबुंद व्हायचे, बाहेर जाऊन नारळ सोलायचे, परत येऊन शांतपणे म्हणायचे, "पयल्यापासून घ्या." त्या वर्षी चौक गावात सोललेल्या नारळांना तोटा नव्हता.

ईस्टर झाल्यावर पहिल्याच प्रॅक्टिसला त्यांनी नातूला समोर बसवलं आणि सगळ्या लेंटमधली चूक न् चूक ओळीनं काढून झापलं. एकही विसरले नव्हते!

*

गणपतीच्या मिरवणुकीत एका नर्सिंग होमसमोर मास्तरांनी हात वर केला. बँड बंद. मंडळाची पोरं भडकली, "अरे बजाओ ना! परमिशन है हमारे पास!"

मास्तर म्हणाले, "तुमको पुलिस ने दिया है. मेरा वाला ऊपर बैठा है, वो नहीं देता."

पुढच्या नाक्यावर मात्र मास्तरांनी असं वाजवलं की त्याच पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. खरं सांगतो, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

फक्त एका बाबतीत मास्तर अडायचे. त्यांचे थोरले भाऊ, इनास. वडील गेल्यावर बँड कोणी चालवायचा यावरून दोघं भांडले आणि एका बँडचे दोन झाले. घरं एकमेकांना लागून, मधे एक भिंत, पण बोलणं बंद. संध्याकाळी दोन्ही ओट्यांवर क्लॅरिनेट वाजायची, एकमेकांकडे पाठ करून! एकदा नातूनं विचारलंच, "मास्तर, सगळं देवाला विचारता. दादाचं विचारलंत का?"

"न्हाय."

"का?"

"काय सांगेल ते ठावं हाय म्हणून!"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. मला वाईट वाटलं.

*

पुढे इनासदादांच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणायची गावची रीत. अर्थात, वाजवणार इनासदादांचा बँड. आमच्या मास्तरांना बोलावणं नव्हतं. मी सहज त्यांच्या घरी गेलो होतो. शेजारी बँड सुरू झाला तसे मास्तर उठले. "आज विचारलं," एवढंच म्हणाले.

त्यांनी क्लॅरिनेटला हात लावला नाही. पेटीतून खुळखुळे काढले. आमच्याकडे नवशिक्याच्या हातात पहिल्यांदा तेच देतात. ते घेऊन मास्तर भावाच्या बँडच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि वाजवायला लागले. बायका चालता चालता मागे वळून बघत होत्या. मी त्यांच्या मागे.

विहिरीपाशी गाणं संपलं. सगळ्यात पुढे असलेल्या इनासदादांनी क्लॅरिनेट खाली केली आणि मागे न बघताच म्हणाले, "पास्कू, ताल पळतोय तुझा."

मास्तरांचा ताल चुकला असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. कोणाची हिंमतच नव्हती!

मास्तर म्हणाले, "हो दादा."