उजवा पाय

"उजवा पाय दुखतोय, ताई," असं म्हणत त्याने उजव्या खांद्यावर हात ठेवला. डहाणूच्या त्या दवाखान्यात केसपेपर लिहिणारी बाई हसली. त्याचा उजवा पाय मांडीपासून नव्हता.

"तो गेला तेव्हापासून हाच माझा पाय," असं सांगून तो कुबड्या भिंतीला टेकवून माझ्याशेजारी बसला. तलासरीहून एसटीने आला होता. अपंगांच्या स्पर्धांत गोळा फेकायचा. बोलता बोलता रिकामी मूठ मानेपाशी नेऊन तोलायची त्याला सवय होती. आज ती अर्ध्यावरच थांबत होती.

तपासून घेऊन बाहेर आल्यावर त्याने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "इंग्रजी आहे. वाचता का?"

मी वाचलं. पंधरा दिवस खांद्यावर भार द्यायचा नव्हता.

"रविवारची स्पर्धा गेली तर गेली, गोळा नाही फेकणार," तो म्हणाला. "पण एसटीपर्यंत जाऊ कसा?" आणि त्याने कुबडी उजव्या काखेत घेतली.

परक्यांसमोर माझी जीभ जड होते, मोठेपणी शिकलेल्या मराठीत तर जास्तच. तरी मी उठून डॉक्टरांचं दार लोटलं.

"डॉक्टर, यांना पंधरा दिवस व्हीलचेअर मिळेल का? तो यांचा नुसता खांदा नाही, पाय आहे."