तळव्याखालचा आकडा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. कुणी हे वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

काकूंची एक सवय होती. कुणाचीही पगाराची चिठ्ठी हातात आली की त्या आधी सगळ्यात खालच्या आकड्यावर तळवा ठेवायच्या. हातात किती पडले, तो आकडा. तो झाकायचा आणि म्हणायचं, "आलं किती ते मागून बघू. आधी गेलं कुठं ते बघू."

काकू पोस्टाच्या बचतीच्या एजंट. यजमान देवळात पूजेला, आणि काकू हिंगोलीभर पायी फिरून लोकांचे पैसे पोस्टात भरायच्या. तुमच्या गावातही अशी एखादी बाई असेल. आमचं पाण्याच्या खात्याचं ऑफिस, मी तिथं शिपाई. वर्षाचा टॅक्स फेब्रुवारीच्या पगारातून कापतात. त्याआधी पोस्टात पैसे गुंतवले तर तो कमी बसतो. हे सगळ्यांना माहीत असायचं, पण काकू दारात दिसेपर्यंत कुणाला आठवायचं नाही.

एकदा आमचे ड्रायव्हरभाऊ चिठ्ठी नाचवत आले. "काकू, बगा, लुटून राहिले आमाला."

काकूंनी तळवा ठेवला. "हे काय लिवलंय? फंड. हे तुझंच हाय, म्हातारपणी भेटल. हे सोसायटीचं कर्ज. ते तूच काढलंस, मोटरसायकलीला. आन हा टॅक्स. एवढाच सरकारचा. आता सांग, काहून बोंबलतो?"

"पण हातात काय राहिलं, काकू?"

"ते बायकोला विचार. तिला माझ्याआधी कळलं असल."

काकूंजवळ दोन पिशव्या असत. लोकांच्या पैशाची लाल रेक्झिनची, खांद्याला. स्वतःच्या पैशाचा बटवा कमरेला. तो चारचौघांत उघडलेला मी पाहिला नव्हता. चहासुद्धा त्या दुसऱ्यानं पाजला तरच घेत. दुसरे एजंट आपल्या कमिशनातले निम्मे पैसे गिऱ्हाइकाला परत देतात. आमच्या पगारबिलाच्या बाबूंनी एकदा हे काढलं.

"काकू, वसमतचा एजंट निम्मं परत देतो."

"मग जा वसमतला. जाता-येता तेवढंच तिकिटाला लागल."

मी बरीच वर्षं रोजंदारीवर होते. कायम झाले तेव्हा मागच्या पगाराचा फरक एकदम आला. त्यामुळं त्या साली पहिल्यांदा माझ्या पगाराला टॅक्स लागणार होता. मला कुणाला काही विचारायची भीड वाटते. काकूच पाण्याच्या माठाजवळ येऊन बसल्या.

"फरकातले दहा हजार पोस्टाच्या सर्टिफिकेटात टाक. शंभरामागं वीस टॅक्स सुटतो. तुझे दोन हजार वाचतील. नाव कुणाचं घालू?"

"पोरीचं," मी म्हणाले.

मला दुसरं सुचलंच नाही. साखरा गावी माझ्या भावाच्या कळपात आमची एक शेळी आहे, तीही पोरीच्या नावाची. काकू हसल्या. "चालतंय की. विम्याला लेकराचं नाव चालतं." आणि त्यांनी फॉर्म भरला.

फेब्रुवारीत बाबूंनी मला बोलावलं. "मावशी, विम्याला लेकराचं नाव चालतं. ह्याला न्हाई चालत. ह्याला तुमचंच नाव लागतं. दोन हजाराची सूट भेटायची न्हाई."

पगारातून सगळा टॅक्स कापला गेला. पोरगी नांदेडला नर्सिंगला होती. तिच्या वसतिगृहाचे पैसे त्याच पगारातून द्यायचे होते. भरले नाहीत तर खोली सोडावी लागणार होती. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "पोस्टात तक्रार द्या. एजन्सी जाईल त्या बाईची." मी नको म्हणाले आणि माठ धुवायला घेतला.

दोन दिवसांनी काकू आल्या. बाबूंनी त्यांना सांगितलंच होतं. त्यांनी माझी चिठ्ठी मागितली. त्या दिवशी त्यांनी तळवा ठेवला नाही. खालच्या आकड्याकडंच बघत राहिल्या.

"माझ्यानं झालं हे."

"पोरीचं नाव मीच सांगितलं, काकू."

"तू सांगशील गं. तपास करायचं काम माझं होतं."

मग कमरेचा बटवा काढला. सगळ्यांसमोर. असतील नसतील त्या नोटा माझ्या हातात कोंबल्या. "हे पोरीला आजच धाड. बाकीचे देते."

बाबू म्हणाले, "काकू, आज कमिशन परत व्हय?"

"हे कमिशन न्हाई," काकू म्हणाल्या. त्या सर्टिफिकेटामागं काकूंना शंभरेक रुपये मिळाले असतील.

त्यात थोडी उसनवारीची भर घालून पोरीचे पैसे भरले. तिची खोली राहिली.

पुढं काकू दर महिन्याच्या फेरीला मला काहीतरी द्यायच्या. कधी पन्नास, कधी वीस. कधी जमायचं नाही, तेव्हा त्या आमच्या ऑफिसात चहा घेत नसत. मी नुसतं पाणी द्यायचे. एकदा मी धीर करून म्हणाले, "राहू द्या आता काकू. पोरीची फी कधीच भरली."

"फी भरली. माझे कुठं फिटले?"

पोरगी शिकून नोकरीला लागली तरी पैसे येत राहिले. मग काकूंची फेरी लांबू लागली. चिठ्ठी त्या डोळ्यांपाशी नेऊन वाचायच्या, आणि तळवा कधी भलत्याच आकड्यावर पडायचा. लोकच तो नीट जागेवर सरकवून द्यायचे. पुढं त्या यायच्या बंद झाल्या. आता एक तरुण एजंट येतो. निम्मं कमिशन परत देतो. ऑफिस खूश आहे.

एका दुपारी काकूंचे यजमान आले. धोतर, कपाळाला गंध. याआधी ते ऑफिसात कधी आले नव्हते. दारातच उभे राहिले.

"तिला आता दिसत न्हाई," ते म्हणाले. "नोटा चाचपून तिनंच ठेवल्यात. मोजून घेतल्याबिगर येऊ नको म्हणली."

त्यांनी कमरेला बांधलेला काकूंचा बटवा सोडून माझ्या पदरात उलटा केला. थोड्या नोटा, बाकी चिल्लर. काही नाण्यांना कुंकू लागलेलं होतं. मी माठाजवळ खाली बसून मोजायला लागले. ते भिंतीकडं बघत उभे राहिले.

"बराबर हाईत," मी म्हणाले.

"दोन हजार फिटले?"

"फिटले."

रिकामा बटवा त्यांनी परत मागितला, कनवटीला खोचला आणि देवळाच्या रस्त्यानं निघाले.