पडून राहण्याची नोकरी

वेर्बिव्का गावात झेनोवी दुत्काला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नसे. शाळेची बस त्यानं इतकी वर्षं चालवली होती की निम्मं गाव त्याच्या मागच्या बाकांवर वाढलेलं. त्या सगळ्यांचा तो झेन्को मामा. अंगानं दांडगा, पोट स्टिअरिंगला टेकणारं, आवाज मात्र मऊ. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बस चालवणं सुटलं, आणि थोड्याच दिवसांत मोठं युद्ध सुरू झालं. घरात बसून राहायची त्याला लाज वाटू लागली. बायका शाळेत जमून सैन्याच्या गाड्या झाकायला चिंध्यांच्या जाळ्या विणत, तिथं त्याची जाड बोटं चिंध्यांत अडकायची. खंदक खणायला गेला तर दुसऱ्यांनाच त्याला हात देऊन वर ओढावं लागलं.

काम दिलं ते ओरिनानं. तीही त्याच्याच बसमधली. ती आणि तिचा नवरा मार्कियान सफरचंदांच्या बागांसाठी गाड्या बनवत. गाडी पेट्या घेऊन झाडांच्या रांगांमधून आपली आपण चालायची, कडेला पोचली की वळायची. बागवाले ती हौसेनं विकत घेत. मग सरकारनं जाहीर केलं की ज्या खासगी कारखान्यांकडे अशी स्वतःच्या अकलेनं चालणारी यंत्रं आहेत, त्यांनी ती सैन्याच्या कामाची करून दाखवावीत. समितीला पटलं तर अनुदान मिळेल. ओरिनानं ठरवलं, आपली गाडी जखमींना आणेल. आघाडीवर शत्रू रेडिओ बंद पाडतो, मग दुरून गाडी चालवणारा आंधळा होतो. अशा वेळी गाडीनं स्वतःच माणूस शोधायचा, शेजारी थांबायचं आणि सरकता पट्टा अंगाखाली घालून त्याला वर घ्यायचं. पहिलं छोटं अनुदान मिळालं, त्यातून कॅमेरे आले. आता शिकवणीसाठी एक जखमी हवा होता. झेन्को मामाचं वजन शस्त्रांसकट सैनिकाएवढं भरत होतं.

त्याची बायको स्तेफा चुलीपुढनं वळलीसुद्धा नाही. "बरं झालं," म्हणाली. "आयुष्यभर जे जमलं, त्याचाच पगार मिळतोय."

पण ती कधी बघायला आली नाही. त्यांचा जावई ल्युबोमिर जखमी होऊन सूर्यफुलांच्या शेतात पडला होता. त्याच्यापर्यंत कुणाला पोचता येईना, त्यातच दिवस उगवून मावळला. जीव वाचला, डावा हात गेला. तेव्हापासून शेतात कुणी आडवं पडलेलं दिसलं की स्तेफा तोंड फिरवायची, मग तो दुपारी विसावा घेणारा मजूर का असेना.

झेन्को मात्र खुलला. रोज बागेमागच्या पडीक रानात जाऊन पडायचा. सुरुवातीला गाडी त्याला वळसा घालून पुढं जायची, एकदा तर खताच्या ढिगाखाली पट्टा घालून तोच घेऊन आली. पण हळूहळू शिकली. झेन्को तिला शेळी म्हणायचा, कारण ती तशीच थांबत थांबत, कॅमेऱ्याची मान हलवत यायची. पट्ट्यावर चढला की तो तिच्याशी बोलायचा, शाळेच्या बसमधल्या लहानग्यांशी बोलायचा तसा. उन्हाळा संपेपर्यंत शेळी त्याला कुठूनही हुडकून काढू लागली.

समिती आली तेव्हा गावानं बागेत टेबल मांडलं, सारण भरून उकडलेल्या वारेनिकी केल्या. समितीत एक कर्नल होते आणि सैन्यातल्या एक डॉक्टरबाई होत्या, काडीसारख्या बारीक. झेन्को पडला, शेळी गेली, त्याला घेऊन आली. कर्नल मान डोलवत होते. मग डॉक्टरबाईंनी कोट काढला आणि म्हणाल्या, आता मी पडते.

त्या चरात जाऊन पडल्या. शेळी त्यांच्याजवळ गेली, क्षणभर थांबली आणि निघून गेली. सगळं रान पालथं घालून ती परत आली ती थेट सफरचंदाच्या झाडाखाली. तिथं झेन्को दमून टेकला होता. त्याच्या बुटांखाली तिनं अलगद पट्टा सरकवला.

कर्नलना हसू आवरेना. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. गुडघ्यांवरची माती झाडत त्यांनी शांतपणे सांगितलं, "हिला माणूस ओळखता येत नाही. हिला फक्त हे आजोबा ओळखता येतात." अनुदान नाकारत नाही, पण थांबवून ठेवतो, पानगळीत पुन्हा दाखवा, एवढं बोलून ती मंडळी गेली.

झेन्कोनं त्या दिवशी जेवण चिवडलं आणि तसाच उठून ओरिनाकडे गेला. माझ्यामुळे बिघडलं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. ओरिनाचे डोळे सुजलेले होते. चूक आमची आहे, असं ती म्हणाली. तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत, म्हणून दुसरं कुणी बोलवायचं सुचलंच नाही.

"तिनं जन्मात एकच माणूस पाहिलाय, मामा. जखमी म्हणजे तुम्ही, असंच तिला वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून झेन्को दारोदार फिरू लागला. बसमधल्या एकेकाला गाठलं. टपाल वाटणारी ओक्साना आली, न्हावी आला, पाद्रीबाबांची बायको चांगला झगा घालून आली नि चिखल बघून परत जाऊन जुना घालून आली. खेरसोनहून आसऱ्याला आलेलं कुटुंब आजीसकट आलं. लोक गवतात पडले, पानांखाली पडले, पालथे पडले, अर्धे चरात पडले. न्हाव्याला झोपच लागली, शेळीनं उचललं तेव्हा ओरडत उठला. कित्येक दिवसांनी गाव पोट धरून हसलं.

रविवारी ल्युबोमिर तेर्नोपिलहून आला. थोडा वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, असं ऐसपैस कुणी पडत नाही. थंडी वाजते, माणूस अंगाचं मुटकुळं करतो, कुठल्या तरी आडोशाला तोंड खुपसतो. तो सांगत असताना स्तेफा जवळच होती. जावयासाठी बोर्श्चचा, बिटाच्या सुपाचा, डबा घेऊन आली होती. डबा तिनं ओरिनाच्या हातात दिला, रानात चालत गेली आणि बांधाशी तोंड लावून अंगाचं मुटकुळं करून पडली.

झेन्कोनं तिला तशी पाहिली. एवढीशी दिसत होती. शेळी भलतीकडेच शोधत होती. तो पुढं निघाला तशी ओरिनानं त्याची बाही धरली.

"मामा, जवळ जाऊ नका. शेळी तुम्हालाच उचलेल."

तो उभा राहिला. शेळी वळली, थबकली, पुन्हा वळली. मग बांधाच्या कडेकडेनं आली आणि स्तेफाजवळ थांबली. पट्टा फिरायला लागला.

गाडी परत आली तेव्हा झेन्को बाहीनं डोळे पुसत होता. स्तेफा उठून बसली, केसांतलं गवत काढत त्याच्याकडे बघत राहिली.

"रडतोस काय, ध्याना? जिवंत आहे मी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला बघायला मी का येत नव्हते, कळलं ना आता?"

कळलं, असं त्यानं मानेनंच सांगितलं. ल्युबोमिरनं उरलेल्या हातानं सासूला खाली उतरवलं.

पानगळीत समिती पुन्हा आली, तेव्हा ओरिनानं झेन्कोला गयावया करून घरीच थांबायला सांगितलं. तो जवळपास असला तर शेळीची काय शाश्वती? तो स्वयंपाकघरात बसला. स्तेफानं त्याच्यापुढं कणीक ठेवली आणि त्या जाड बोटांनी वारेनिकी मिटायला शिकवल्या. ओरिनाचा फोन आला तेव्हा त्याचे हात पिठानं भरले होते, म्हणून तो तिनं उचलला. डॉक्टरबाई ओल्या पानांखाली लपून पडल्या होत्या. शेळीनं त्यांना शोधून आणलं होतं, आणि त्यांच्या मागोमाग चरात पडलेल्या कर्नलनाही. अनुदान मंजूर झालं होतं.

हिवाळ्यात त्या पैशातून बनलेल्या गाड्या ट्रकवर चढून पूर्वेकडे, आघाडीवर गेल्या. निघण्याआधी झेन्कोनं प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवला. पुढं तिकडून निरोप आला की एका गाडीनं धुक्यातून दोघांना आणलं. कुणाला, कुठून, ते सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नाही. नव्या गाड्या शिकायला आल्या की तो अजून रानात जातो. आता शेजारी स्तेफाही असते, थोड्या अंतरावर, जाड कोट घालून. नवी शेळी यायला उशीर लागला तर दोघं पडल्या पडल्याच बोलत राहतात.